‘आधी किती मिळत होते?’ : वतनापासून पगार-स्लिपपर्यंत एका प्रश्नाचा इतिहास

नोकरीसाठी अर्ज केला की एचआरचा फोन येतो. नाव, शिक्षण, अनुभव विचारून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘सध्याचा सीटीसी किती?’ आणि त्यापाठोपाठ, ‘शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार-स्लिप मेल करा.’ आपली मुले-मुली हा प्रश्न जन्मतारखेइतका साधा समजून उत्तर देतात. दोन दिवसांनी ऑफर येते, आणि ती असते मागच्या पगाराच्या वर वीस-तीस टक्के. काम काय आहे, जबाबदारी किती आहे, शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याला त्याच कामाचे किती मिळतात, याचा त्या आकड्याशी फारसा संबंध नसतो.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. मागचा पगार विचारून नवा पगार ठरवणे ही वरवर हिशोबाची पद्धत दिसते, पण तिच्यामुळे कालचा अन्याय आजच्या करारात शिरतो. ज्याला काल कमी दिले गेले, त्याला आज कमी देण्याचे कारण तयार होते. आणि ‘काल कमी का दिले गेले?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्या समाजाचा कालच लुटला गेला आहे, त्या समाजाच्या तरुणांनी हा प्रश्न जरूर विचारला पाहिजे.

मोबदला कामाला चिकटलेला असावा की माणसाच्या पूर्वेतिहासाला, हा वाद आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी तो कायदेमंडळात, गिरणगावात आणि संविधानात, तिन्ही ठिकाणी लढवला. म्हणून आधी तो इतिहास पाहू.

वतन : कामाचा हिशोबच नसलेली चाकरी

महार वतनाची गोष्ट आपल्या घरांत सांगितली जाते ती बहुतेक वेळा अपमानाची गोष्ट म्हणून. ती खरीच आहे. पण वतन ही मोबदल्याचीही एक व्यवस्था होती, आणि त्या बाजूने ती नीट तपासली पाहिजे.

१८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या चाकरीला सरकारी शिक्का दिला. वतनदार महाराने सरकारची आणि गावाची कामे करायची : निरोप पोचवणे, सारा वसुलीच्या वेळी रयतेला बोलावून आणणे, खजिना तालुक्याला नेणे, येणाऱ्या अधिकाऱ्याची व्यवस्था पाहणे, वेशीवर राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे. कामाची यादी कुठे संपते हे कोणी ठरवलेले नव्हते. वेळही ठरलेली नव्हती. दिवसाचे चोवीस तास हाक आली की जायचे. घरचा पुरुष गैरहजर असला तर घरातल्या दुसऱ्या कोणी ती चाकरी करायची. म्हणजे एका माणसाच्या नावावर सबंध कुटुंब राबत असे.

आणि मोबदला? थोडी इनाम जमीन, ती पिढ्यांच्या वाटण्यांत तुकडे तुकडे झालेली. काही ठिकाणी सरकारकडून अगदी किरकोळ रोख रक्कम. आणि बलुते, म्हणजे सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन मागायचे धान्य. देणाऱ्याच्या मनात असेल तर द्यायचे, नसेल तर हाकलायचे. काम हक्काने घ्यायचे आणि दाम भीक म्हणून टाकायचे, अशी ही रीत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या महाराने या वर्षी किती काम केले, यावर त्याचे बलुते ठरत नव्हते. ते ठरत होते ‘आजवर काय चालत आले’ यावर. बापाला जेवढे मिळाले तेवढे मुलाला. वाढवून मागितले तर उत्तर तयार : ‘आजपर्यंत एवढ्यातच भागत होते ना?’ ज्या तरुणाने एचआरच्या तोंडून ‘तुमचा सध्याचा पगार पाहता ही ऑफर चांगलीच आहे’ हे वाक्य ऐकले आहे, त्याला या दोन वाक्यांतले नाते समजावून सांगावे लागणार नाही.

बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’मधून महार वतनावर सविस्तर लिहिले, आणि १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यातल्या मागण्या वाचल्या की कळते, ते निव्वळ मान-अपमानाबद्दल बोलत नव्हते. कामे कोणती ते ठरवा. बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या आणि तो वसूल करून देण्याची जबाबदारी सरकारने घ्या. ज्याला वतनातून मोकळे व्हायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या आणि चाकरीतून सोडा. थोडक्यात, काम निश्चित, दाम निश्चित, आणि दोन्हींमधून जन्म वजा. विधेयक निवड समितीकडे गेले, विरोध झाला, आणि १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. तेव्हा बाबासाहेब नव्हते.

साचेखाते : बंद दरवाजा आणि त्यावर आधारलेला पगार

गाव सोडून माणसे मुंबईला आली ती या वतनातून सुटण्यासाठीही. गिरणीत रोख पगार होता, भोंगा वाजला की सुट्टी होती. पण तिथेही एक खाते बंद होते.

विणकाम खात्यात, म्हणजे साचेखात्यात, मजुरी सूतखात्यापेक्षा जास्त होती. तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे : धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा सवर्ण कामगार हातात कसा घेणार? यंत्र विलायतेचे, भांडवल शेटजींचे, आणि विटाळ मनुस्मृतीचा.

१९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर हा प्रश्न ठेवला. आमच्या कामगारांना विणकाम खात्यात शिरू देणार की नाही, हे आधी सांगा. मोठ्या नाखुशीने ती मागणी यादीत आली. गिरणीमालकांची बाजू त्याहून सोयीची होती : हा अन्याय असेलच तर तो आम्ही केलेला नाही.

हे मालकांचे उत्तर जपून ठेवा, कारण पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

आता विचार करा. त्या काळात एखादा महार कामगार दहा वर्षे सूतखात्यात राबला. अकराव्या वर्षी दुसऱ्या गिरणीच्या दारात उभा राहिला. त्याचा आधीचा पगार कमी होता. तो का कमी होता? त्याचे हात हळू चालत होते म्हणून? नाही. त्याला साच्यावर उभेच राहू दिले नव्हते म्हणून. त्याच्या मागच्या पगाराचा आकडा त्याची लायकी सांगत नव्हता. तो आकडा बंद दरवाजाची उंची सांगत होता.

भरती कोणाच्या हातात होती, हेही पाहा. गिरणीत माणूस घेणारा आणि काढणारा होता जॉबर. तो आपल्या गावचे, आपल्या नात्यातले, आपल्या जातीचे लोक भरायचा आणि काम देण्यासाठी दस्तुरी घ्यायचा. १९३१ साली शाही कामगार आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, या जॉबरशाहीवर कडक टीका केली आणि भरती त्याच्या हातून काढून घ्यावी असे सुचवले. आजचा रिक्रूटर दस्तुरी घेत नसेल, पण उमेदवार आणि मालक यांच्या मधोमध तोच उभा आहे, आणि कोणाला किती कमी रकमेत बसवता येईल याचा अंदाज घेणे हे त्याचे काम आहे.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. ते वाक्य आपल्या भाषणांत नेहमी येते. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेचे उदाहरण दिले होते, ते मात्र कमी सांगितले जाते. आपली माणसे रुळांवर गँगमन म्हणून राबतात आणि तिथेच म्हातारी होतात. हमालाची जागासुद्धा त्यांना मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्याला घरात घेणार नाही. म्हणजे पगाराच्या शिडीची पहिली पायरीच मास्तरच्या स्वयंपाकघरातून जात होती.

खुर्चीचा पगार

संविधानाच्या कलम ३९ (ड) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व आले. १९८२ मध्ये रणधीर सिंग या दिल्ली पोलिसांतल्या चालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाला कलम १४ आणि १६ शी जोडले. तो गाडी चालवत होता, दुसऱ्या खात्यांतले चालकही गाडीच चालवत होते, मग वेतनश्रेणी वेगळी का, एवढा साधा त्याचा सवाल होता.

आपल्या आई-वडिलांच्या पिढीला रेल्वे, पोस्ट, बँक, एलआयसी, महापालिका या नोकऱ्यांनी काय दिले? आरक्षणाने दार उघडले, हे आपण नेहमी सांगतो. पण दाराच्या आत गेल्यावर आणखी एक गोष्ट मिळाली, तिच्याकडे आपले लक्ष कमी गेले. ती म्हणजे वेतनश्रेणी. त्या खुर्चीचा पगार छापलेला होता. तिथे कुलकर्णी बसो की कांबळे, सुरुवातीचा आकडा एकच. कांबळे आधी बिगारी काम करत होता का, त्याची आई भंगार गोळा करत होती का, याने मूळ वेतनात एक रुपयाचा फरक पडत नव्हता. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून केंद्रात किमान वेतन १८,००० रुपये ठरवले, ते पदाला ठरवले. बढतीत जातीयता चालली, गोपनीय अहवालात चालली, सगळे मान्य. पण ‘आधी किती मिळत होते?’ विचारून पहिल्याच दिवशी कांबळेला कुलकर्णीपेक्षा खाली बसवता येत नव्हते.

१९९१ नंतर नोकऱ्या खासगी क्षेत्राकडे आणि कंत्राटाकडे सरकल्या. आरक्षण गेले याची आपण ओरड केली आणि ती योग्यच होती. पण आरक्षणाबरोबर वेतनश्रेणीही गेली. पगार खुर्चीवरून उतरला आणि पुन्हा माणसाच्या मागच्या आयुष्याला चिकटला.

आडनाव, घराणे आणि पगार

खासगी क्षेत्रात जात नसते, तिथे फक्त मेरिट चालते, असे आपल्याला सांगितले जाते. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये आलेले तीन अभ्यास आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवेत.

पहिला, सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या ५४८ खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. दुसरा, सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा. मोठ्या कंपन्यांचे एचआर अधिकारी मुलाखतीत सांगत होते की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. आणि तेच अधिकारी सांगत होते की उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारतो. तिसरा, एस. माधेश्वरन आणि पॉल अटवेल यांचा. शहरी पगारदार नोकऱ्यांत तेवढ्याच पात्रतेच्या इतरांपेक्षा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना भेदभावामुळे सुमारे १५ टक्के कमी वेतन मिळते, खासगी क्षेत्रात हा परिणाम जास्त आहे, आणि एकाच कामाला कमी दाम देण्यापेक्षा चांगल्या कामापासूनच दूर ठेवणे हा त्यातला मोठा भाग आहे, असे त्यांनी दाखवले.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. हे साचेखातेच आहे. १९२८ मध्ये धोटा होता, आता आडनाव आहे.

या तीन अभ्यासांच्या पुढे ‘सध्याचा पगार किती?’ हा प्रश्न ठेवून पाहा. घराणे विचारले तर आज कोणीतरी आक्षेप घेईल. आडनावावरून नाकारले असे सिद्ध झाले तर बोभाटा होईल. पण पगार-स्लिप मागितली तर कोणालाच त्यात जात दिसत नाही. आणि त्या स्लिपवरच्या आकड्यात आडनावाने बंद केलेली दारे, ओळखी नसल्यामुळे पत्करलेली पहिली नोकरी, इंग्रजीच्या भीतीने न केलेली घासाघीस, घरभाडे थकले म्हणून ‘जे देतील ते’ म्हटलेला दिवस, हे सगळे आधीच बेरजेला आलेले असते. नवा मालक म्हणतो : ‘तुमचा मागचा पगार मी ठरवला नव्हता.’ १९२८ च्या गिरणीमालकांचे उत्तर यापेक्षा वेगळे नव्हते.

आता थोडे गणित करू. एकाच महाविद्यालयातून, एकाच वर्षी, सारख्याच गुणांनी पास झालेल्या दोन मुली. एकीच्या मामाची ओळख होती, तिला १८,००० वर नोकरी लागली. दुसरीला १२,००० वर. दोघींनी पुढे तीनदा नोकरी बदलली आणि दर वेळी दोघींना ३० टक्के वाढ मिळाली. पहिली पोचते सुमारे ३९,५०० वर, दुसरी सुमारे २६,४०० वर. सहा हजारांचे अंतर तेरा हजारांवर गेले. मधल्या काळात कोणत्याही एचआरने जातीचे नाव काढले नाही, कोणी शिवी दिली नाही, दोघींना टक्केवारी ‘समान’ मिळाली. विषमता वाढवण्यासाठी वाईट माणसाची गरजच पडली नाही. समाजशास्त्रात याला साचत जाणारे नुकसान म्हणतात. आणि पगारावरच पीएफ, ग्रॅच्युइटी, गृहकर्ज ठरते, म्हणजे हे नुकसान पुढच्या पिढीच्या घरापर्यंत जाते.

अमेरिकेत हा प्रश्न कोर्टात गेला तेव्हा

जगात यावर लढा झाला आहे, आणि तो मुख्यतः स्त्रियांनी लढला आहे. एलीन रिझो ही कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो काउंटीच्या शिक्षण कार्यालयात २००९ साली गणिताची सल्लागार म्हणून लागली. त्या कार्यालयाचा नियम होता : मागचा पगार अधिक ५ टक्के, आणि त्यावरून वेतनाची पायरी. तिच्याकडे पदव्युत्तर पदवी होती, अनुभव होता, पण मागचा पगार कमी होता. २०१२ मध्ये सहकाऱ्यांशी बोलताना तिला कळले की नव्याने लागलेल्या एका पुरुषाला तिच्यापेक्षा वरची पायरी मिळाली आहे. तक्रार केली तर उत्तर आले की नियम सर्वांना सारखाच आहे.

ती कोर्टात गेली. २०१८ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती तो जाहीर होण्याच्या काही दिवस आधी वारले होते, म्हणून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवले. २०२० मध्ये त्याच अपील न्यायालयाने पुन्हा तिच्याच बाजूने सांगितले की मागचा पगार हे स्त्रीला कमी वेतन देण्याचे कारण होऊ शकत नाही. आठ वर्षे गेली, पण मूळ मुद्दा मान्य झाला : ‘नियम सर्वांना सारखा’ एवढे म्हणून भागत नाही, तो नियम कोणत्या जुन्या अन्यायावर उभा आहे हे पाहावे लागते.

दरम्यान कायदेही होत होते. मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये, ऑफर देण्याआधी मागचा पगार विचारण्यास मनाई करणारा कायदा केला. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. कायदा २०१८ च्या जुलैपासून लागू झाला. न्यूयॉर्क शहरात २०१७ च्या ऑक्टोबरपासून आणि कॅलिफोर्नियात २०१८ च्या जानेवारीपासून बंदी आली. फिलाडेल्फियात व्यापाऱ्यांची संघटना कोर्टात गेली, हा आमच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला आहे म्हणून. २०२० मध्ये अपील न्यायालयाने बंदी कायम ठेवली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये निर्देश काढला : उमेदवाराचा मागचा पगार विचारायचा नाही, उलट पदाचा सुरुवातीचा पगार किंवा त्याची मर्यादा आधी सांगायची. सदस्य देशांना त्यासाठी जून २०२६ ची मुदत दिली.

या बंदीने फरक पडला का? बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या राज्यांची तुलना केली. बंदीनंतर नोकरी बदलणाऱ्यांचे वेतन साधारण ५ टक्क्यांनी वाढले. स्त्रियांचे ८ टक्क्यांनी. आणि आफ्रिकन-अमेरिकन लोकांचे १३ टक्क्यांनी. कोणी त्यांना नवे कौशल्य शिकवले नव्हते, कोणी खास सवलत दिली नव्हती. फक्त एक प्रश्न विचारणे बंद केले. ज्यांच्यावर इतिहासाने जास्त अन्याय केला, त्यांना तो प्रश्न बंद झाल्याचा जास्त फायदा झाला. आमच्या दृष्टीने सगळ्या लेखात यापेक्षा महत्त्वाचा आकडा नाही.

आपल्याकडे काय आहे? १९७६ चा समान मोबदला कायदा होता, त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता आहे. दोन्ही बोलतात ते लिंगभेदाबद्दल. खासगी नोकरीत जातीमुळे कमी वेतन मिळाले तर दाद मागावी, असे वेतनाच्या कायद्यात कलम नाही. मागचा पगार विचारण्यावर बंदी नाही. पण तो ऑफरच्या आधी रिक्रूटरला सांगितलाच पाहिजे, असेही कोणता कायदा म्हणत नाही. आपल्याला हालचाल करायला जागा आहे ती या मोकळ्या पट्ट्यात.

दोन आक्षेप

‘मागचा पगार हाच बाजारातला भाव असतो,’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना आमचा प्रतिप्रश्न आहे : भाजीवाल्याकडे गेल्यावर तुम्ही विचारता का, की काल हे वांगे तुला किती पडले होते? मालाचा भाव तुम्ही माल पाहून करता. मग माणसाच्या श्रमाचा भाव काम पाहून का करत नाही? कंपनीचे त्या पदासाठी बजेट असतेच. ते लपवायचे आणि उमेदवाराचे पत्ते मात्र उघडे करून घ्यायचे, याला वाटाघाट म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो, आणि तो जास्त गंभीर आहे. ‘पोट हातावर आहे. सांगितले नाही तर दुसऱ्याला घेतील.’ हे खोटे नाही. ज्याच्या घरी तीन महिन्यांचा किराणा आहे तो नकार देऊ शकतो. ज्याच्या घरी उद्याचा नाही त्याला ताठ राहण्याचे प्रवचन देणे सोपे आहे आणि निर्दयही. म्हणून आम्ही कोणाला ‘उत्तर देऊच नका’ असे सांगत नाही. आम्ही सांगतो की तयारीने बोला, आणि एकटे बोलू नका.

करायचे काय

फोन येण्याआधी त्या पदाला त्या शहरात साधारण किती मिळतात, हे दोन-तीन जणांना विचारून ठेवा. प्रश्न आला की आधी प्रतिप्रश्न करा : ‘या पदासाठी आपले बजेट किती आहे?’ पुन्हा विचारले तर सांगा : ‘माझे आधीचे काम वेगळे होते. या कामाची जबाबदारी पाहता माझी अपेक्षा इतकी आहे.’ आवाज नम्र ठेवा, आकडा मात्र ठाम ठेवा. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर, ‘ऑफर नक्की झाल्यावर कागदपत्रे देतो’ असे म्हणता येते. तरीही अडले आणि नोकरीची गरज असली, तर खरा आकडा सांगा. पण त्याच श्वासात अपेक्षा सांगा आणि तिचे कारण सांगा, म्हणजे बोलणे मागच्या आकड्यापाशी थांबणार नाही.

खोटा आकडा सांगू नका आणि स्लिपमध्ये फेरफार तर मुळीच करू नका. पडताळणीत बँकेचे स्टेटमेंट, फॉर्म १६, पीएफचे पासबुक मागितले जाते. पकडले गेलात तर नोकरी जाईल, आणि ‘हे लोक असेच’ म्हणायला त्यांना निमित्त मिळेल. नोकरीत रुजू झाल्यावर करकपातीच्या हिशोबासाठी मागच्या उत्पन्नाचा तपशील देणे ही वेगळी बाब आहे, तिची गल्लत करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचे : पगार एकमेकांना सांगा. पगार गुप्त ठेवण्याचा फायदा कायम देणाऱ्याला होतो. एलीन रिझोला अन्याय कळला तो सहकाऱ्यांशी बोलल्यामुळे. सवर्ण घरातल्या मुलाला काका, मामा, शेजारी सांगतात की अमुक कामाला तमुक मागायचे असते. आपल्या बहुतेक मुलांच्या घरात खासगी नोकरी करणारी ती पहिलीच असतात; ‘अपेक्षा किती?’ विचारले तरी ती घाबरून कमीच सांगतात. हे ज्ञान आपल्या वस्तीत तयार करावे लागेल. विहारातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एक वही ठेवा : कोणते काम, कोणते शहर, किती अनुभव, किती पगार. नावे लिहू नका, आकडे लिहा. सहा महिन्यांत ती वही कुठल्याही रिक्रूटरच्या बरोबरीने बोलेल.

संघटनांसाठी मागणी स्पष्ट आहे. खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी करताना तिच्याबरोबर आणखी तीन गोष्टी जोडा : जाहिरातीत पगाराची मर्यादा छापणे सक्तीचे करा, ऑफरपूर्वी मागचा पगार विचारण्यास मनाई करा, आणि वेतनातल्या भेदभावाच्या कायद्यात लिंगाबरोबर जात हा शब्द घाला. दार उघडून घ्यायचे आणि आत गेल्यावर पगार पुन्हा मागच्या हिशोबाने घ्यायचा, असा अर्धा विजय आपल्याला नको.

बाबासाहेबांनी वतन नाकारले तेव्हा आपलेच काही लोक म्हणाले होते की हातचे जाईल. मिळते तेवढ्यात भागवायची सवय लागली की मिळते तेवढीच आपली किंमत वाटू लागते. आपले पगार काल काय होते, तो त्यांचा इतिहास आहे. त्याची लाज आपण बाळगायचे कारण नाही. नव्या कामाचे दाम नव्या कामावरून ठरले पाहिजे.

जय भीम.